बिघडलेल्या नोंदी आणि वाचणाऱ्याचा हात



 विषयाचे नाव वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. संगणकाच्या चकतीवरील नोंदी बिघडल्या तर त्या तपासणारे अवजार कसे असावे, ह्याच्याशी आमचा काय संबंध, असा प्रश्न आपण केलात तर तो रास्तच आहे. पण आज सोसायटीचे कर्ज, शाळेचा दाखला, दवाखान्याचा कागद आणि लग्नाचे फोटो ही सारी कोठे ना कोठे एखाद्या चकतीवर किंवा चिपेवर बसलेली आहेत. आपल्या खिशातल्या पुष्कळशा फोनांतही आज आम्ही जिचे वर्णन करणार आहोत तीच नोंदव्यवस्था वापरलेली असते. तेव्हा विषय परका वाटला, तरी परका नाही.

आणि एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस यशाने मिळालेला नाही; तो एका चुकीने मिळालेला आहे. ती चूक पुढे ओघाने येईल.

प्रथम नोंदव्यवस्था म्हणजे काय ते पाहू. मुरुडच्या माणसाला ती समजावून देण्यासाठी परदेशी दाखले शोधण्याची गरज नाही. जमीन एक आणि जमिनीचा कागद दुसरा, हे येथे लहान मूलही जाणते. जमीन जागची हलत नाही; पण ती कोणाची, किती, कोणत्या गटाची, हे कागद सांगतो. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा होतो. आठ-अ मध्ये खातेदाराच्या नावे असलेल्या जमिनी एकत्र दिसतात. आकारबंदात गावातल्या प्रत्येक क्रमांकाचे क्षेत्र आणि आकार असतो. आणि नमुना सहा, म्हणजे फेरफार, त्यात बदलाची नोंद आधी होते. नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्यावर तिचा अंमल दिला जातो.

चकतीवरची फाइल सिस्टीम ह्याच घडणीची असते. आपण लिहिलेले पत्र किंवा काढलेला फोटो, ही झाली जमीन. ती ब्लॉक नावाच्या सारख्या तुकड्यांत पडलेली असते. बहुधा एक ब्लॉक ४०९६ बाइटांचा असतो. कोणत्या फाइलीचे कोणते ब्लॉक, तिची लांबी किती, मालक कोण, ही माहिती इनोड नावाच्या नोंदीत असते. हा फाइलीचा सातबारा समजावा. फोल्डर म्हणजे नुसती यादी: हे नाव, हा इनोड क्रमांक. सगळ्या चकतीचा हिशेब, ब्लॉक किती, इनोड किती, ब्लॉकचे माप काय, हा सुपरब्लॉकमध्ये असतो. आणि जर्नल नावाची एक वही असते, ती हुबेहूब आपला फेरफार. बदल प्रथम तेथे लिहायचा, तो पुरा झाल्याची खूण करायची, मग मूळ जागी उतरवायचा. मध्येच वीज गेली, तर पुरी झालेली नोंद पुन्हा उतरवता येते आणि अर्धवट राहिलेली सोडून देता येते.

ह्या सगळ्या नोंदींना मिळून मेटाडेटा म्हणतात, म्हणजे माहितीविषयीची माहिती. येथे एक बारकावा आहे आणि आजचे अर्धे व्याख्यान त्यावर उभे आहे. इनोडमध्ये फाइलीचे नाव नसते. नाव फोल्डरच्या यादीत असते. यादी गेली, तर फाइल जागेवर राहूनही अनामिक होते. सातबारा शाबूत, जमीन शाबूत, पण कोणाची ते सांगणारा कोणी नाही, अशी स्थिती होते.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका पतसंस्थेचा संगणक उघडेना. गाव आणि संस्था ह्यांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. उन्हाळ्याचे दिवस, वीज दिवसातून चार वेळा येई आणि जाई. आम्ही दोघे-तिघे तरुण होतो, हाताला वेग होता आणि ज्ञानाचा अभिमान त्याहून जास्त होता. आम्ही चकती जोडली आणि दुरुस्तीचा कार्यक्रम चालवला. तो प्रत्येक ठिकाणी विचारतो, ही नोंद चुकीची दिसते, दुरुस्त करू काय? शंभर वेळा होय म्हणण्याचा कंटाळा येऊन आम्ही त्याला अशी आज्ञा दिली, की सर्व प्रश्नांना होय हेच उत्तर समज. पंधरा मिनिटांत तो संपला. फाइल सिस्टीम आता निर्दोष आहे, असा निर्वाळा त्याने दिला. आणि ती खरोखरच निर्दोष होती! फक्त संस्थेचे फोल्डर त्यात नव्हते. लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या एका फोल्डरात हजारो फाइली पडल्या होत्या आणि त्यांची नावे म्हणजे नुसते आकडे होते. कित्येक फाइलींचे तुकडे एकमेकांत मिसळले होते. सभासदांनी आपापली पासबुके आणली, आणि दोन कारकुनांनी सव्वा महिना बसून खाती पुन्हा हाताने उभी केली. ज्यांची पासबुके हरवली होती, त्यांना संस्थेच्या दारात उभे राहून स्वतःचेच पैसे स्वतःचे असल्याचे पटवावे लागले. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस इतकेच विचारले, "बाबांनो, वही फाटली होती, तर आधी ती वाचून का नाही पाहिली?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

दुरुस्त करणे वेगळे आणि वाचणे वेगळे. ह्या व्यवस्थेचा थोडा इतिहास पाहा. लिनक्स ह्या संगणकप्रणालीसाठी १९९३ साली रेमी कार यांनी ईएक्सटी२ नावाची फाइल सिस्टीम पुढे आणली. थिओडोर त्सो आणि स्टीफन ट्वीडी हे तिचे दुसरे दोन प्रमुख शिल्पकार. पुढे २००१ साली तिला जर्नल जोडून ईएक्सटी३ झाली आणि २००८ साली ईएक्सटी४ वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. ह्या घराण्याबरोबर अवजारांचा एक संच येतो. त्यातील एक दुरुस्तीचे, ज्याने आम्ही घात करून घेतला. ते पाच फेऱ्यांत काम करते: प्रथम इनोड, मग फोल्डर, मग फोल्डरांची एकमेकांशी जोडणी, मग मोजदाद, आणि शेवटी गटवार गोषवारा. दुसरे अवजार पाहणीचे. त्याचे नाव डीबगएफएस. ते चकतीच्या नोंदी जशा आहेत तशा उघडून दाखवते: हा इनोड पाहा, ही यादी पाहा, हा ब्लॉक कोणाचा ते सांग, ही फाइल बाहेर काढून ठेव.

एकच चकती तिघेजण तीन वृत्तींनी वाचतात. नेहमीचे काम चालवणारी प्रणाली नोंद बिघडलेली दिसताच काम थांबवू शकते. तिला तो हक्क आहे. दुरुस्तीचा कार्यक्रम निकाल देतो, हे खरे आणि हे खोटे. पण पाहणीच्या अवजाराला ह्यांतले काहीच करता येत नाही. नोंद बिघडली म्हणून वाचणार नाही, असे ते म्हणू लागले, तर त्याचा जन्मच फुकट. कारण बिघडलेल्या नोंदी वाचण्यासाठीच ते आहे. आणि स्वतःच निकाल देऊन ते नोंद बदलू लागले, तर पुरावाच नाहीसा होतो. ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही ते वाचायचे, आणि वाचताना स्वतः पडायचे नाही, ही तारेवरची कसरत आहे. ती कशी साधावी, ते आता क्रमाने सांगतो.

पहिला नियम: मूळ कागदाला हात लावू नये. डीबगएफएस आपण होऊन चकती केवळ वाचण्यासाठीच उघडते. लिहायचे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. ही रचना योग्य आहे. पण केवळ वाचतो म्हणणे आणि खरोखर केवळ वाचणे ह्यांतही अंतर आहे. ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ ची चकती नेहमीच्या पद्धतीने, फक्त वाचण्यासाठी म्हणून, संगणकाला जोडली, तरी प्रणाली आधी जर्नलमधील राहिलेल्या नोंदींचा अंमल देऊन मोकळी होते, म्हणजेच चकतीवर लिहिते! जर्नलला हात लावू नकोस, असे वेगळे बजावावे लागते. म्हणून उत्तम मार्ग हाच, की आधी सबंध चकतीची प्रत करावी आणि मूळ चकती कपाटात ठेवावी. चकती आतूनच झिजत असेल, तर डीडीरेस्क्यू नावाचा कार्यक्रम आहे. तो प्रथम जे सहज वाचता येते ते उचलतो, अवघड जागा मागे ठेवतो, आणि कोठे काय राहिले ह्याचा नकाशा लिहून ठेवतो. आजाऱ्याला आधी बाजेवर घ्यावे, नाडी मग पाहावी, तसा हा क्रम आहे.

दुसरा नियम: चकतीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे एक दावा आहे, तो पुरावा नव्हे. येथे आपल्या बार्शी लाईट रेल्वेची आठवण होते. कुर्डुवाडी–बार्शी–लातूर ही आपली छोटी गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली. तिचे रूळ तेव्हा अडीच फुटांचे होते. मोठ्या लोहमार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे. डबा कितीही उत्तम असला, तरी रुळाचे माप चुकले की पहिल्याच फुटावर तो घसरणार. फाइल सिस्टीमचे हे माप म्हणजे ब्लॉकचा आकार, आणि तो सुपरब्लॉकमध्ये लिहिलेला असतो. तोही थेट लिहिलेला नसतो. १०२४ ला किती वेळा दुप्पट करायचे तो आकडा असतो. शून्य असेल तर १०२४, दोन असेल तर ४०९६. तेथे बिघाडाने चाळीस लिहिले गेले तर? चाळीस वेळा दुप्पट केलेला ब्लॉक कोणत्याही चकतीत मावणार नाही. पण बेसावध अवजार तेवढे गणित करून तेवढी जागा मागायला निघते आणि कोसळते. तसेच, प्रत्येक गटात इनोड किती, हा आकडा सुपरब्लॉकमध्ये असतो आणि अवजार त्याने भागाकार करते. तेथे शून्य आले, की भागाकार अशक्य आणि अवजार बंद. म्हणून आकडा वाचल्याबरोबर, वापरण्याच्या आधी, त्याला विचारावे: तू मर्यादेत आहेस काय? तुझे शेजारी तुझ्याशी जुळतात काय? चकतीची एकूण लांबी तुला मान्य करते काय? आकारबंदाचे क्षेत्र आणि सातबाऱ्यावरील क्षेत्र जुळवून पाहतात, तसाच हा मेळ आहे.

सुपरब्लॉक कोठे असतो ते ठरलेले आहे: चकतीच्या भागाच्या आरंभापासून १०२४ व्या बाइटावर. त्यात ६१२६७ हा ठराविक आकडा खूण म्हणून असतो. खूण नसेल, तर पहिले पानच गेले असे समजावे. पण शहाण्या रचनाकारांनी त्याच्या प्रती दूर दूर ठेवल्या आहेत. ४०९६ बाइटांच्या ब्लॉकची चकती असेल, तर पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर, म्हणजे १२८ मेगाबाइट पुढे असते. मराठवाड्यात जमिनीचा वाद जुना झाला, की आपण १९५४-५५ सालच्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जातो, तशातलाच हा प्रकार. मात्र डीबगएफएसला ही प्रत वापर म्हणून सांगताना ब्लॉकचे मापही आपणच सांगावे लागते. हे बरोबर आहे. कारण माप सांगणारे पानच फाटलेले आहे, मग ते माप कोणाला विचारायचे?

ह्याच अवजारात एक अवस्था आहे, तिला आपण आपत्काल म्हणू. त्या अवस्थेत अवजार कोणते ब्लॉक आणि इनोड भरलेले आहेत हे सांगणारे तक्ते आरंभी वाचतच नाही, कारण तेच बिघडलेले असण्याचा संभव असतो. आणि ज्या अर्थी हे तक्ते वाचलेले नाहीत, त्या अर्थी लिहिण्याची परवानगीही ते ठामपणे नाकारते. जेवढे कमी ठाऊक, तेवढा हात आखडता. आमच्या मते ह्या सगळ्या शास्त्राचे सार ह्या एका व्यवस्थेत आहे.

तिसरा नियम: चालत राहण्याची शपथ घेण्यापूर्वी थांबण्याची जागा ठरवावी. हे उदाहरणाने सांगतो. फोल्डरच्या यादीत एकामागे एक नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत चार बाइट इनोडचा क्रमांक, दोन बाइट ह्या नोंदीची एकूण लांबी, एक बाइट नावाची लांबी, एक बाइट प्रकार, आणि मग नाव. समजा, आपण 'मुरुड' नावाचे फोल्डर केले. म, त्याचा उकार, र, त्याचा उकार आणि ड अशी पाच चिन्हे झाली. आजच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे नाव पंधरा बाइटांचे. आधीचे आठ धरून तेवीस. लांबी चारच्या पटीत लागते म्हणून चोवीस. तेव्हा 'मुरुड' ह्या नोंदीला कमीत कमी चोवीस बाइट लागतात. त्या जागी बारा लिहिलेले दिसले, तर काही तरी खोटे आहे. नोंदीची लांबी ब्लॉकच्या कडेबाहेर जात असेल, तरी खोटे. इनोडचा क्रमांक एकूण इनोडांहून मोठा असेल, तरी खोटे. ह्या चार-पाच प्रश्नांना एक सेकंदही लागत नाही.

पतसंस्थेच्या प्रसंगानंतर आम्ही शहाणे होऊन स्वतःच एक लहानसे पाहणीचे अवजार लिहिले होते. एका शिक्षणसंस्थेची चकती आली, तिची आम्ही रीतसर प्रत केली आणि संध्याकाळी अवजार लावून दिले. ते यादी वाचू लागले. आम्ही चहा घेत बसलो. मध्यरात्र झाली, पहाट झाली, अवजार चालूच. यादी मोठी असेल, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. सकाळी पाहिले, तर एका नोंदीच्या लांबीच्या जागी शून्य होते. अवजार ती नोंद वाची, शून्य बाइट पुढे सरके, आणि पुन्हा तीच नोंद वाची. रात्रभर ते एकाच दारावर थाप मारीत उभे होते! लांबी शून्य असेल तर थांब, एवढी एक ओळ आम्ही लिहिलेली नव्हती. ती लिहिली, आणि अर्ध्या तासात दाखल-खारीज रजिस्टराच्या सगळ्या फाइली नावानिशी बाहेर आल्या. मूळ चकती कपाटात होती, म्हणूनच ह्या चुकीची शिक्षा एका रात्रीच्या जागरणावर भागली.

हेच संकट दुसऱ्या वेषातही येते. मोठ्या फाइलीचे ब्लॉक सांगण्यासाठी एक ब्लॉक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तो तिसऱ्याकडे. बिघाडाने एखादा ब्लॉक स्वतःकडेच बोट दाखवू लागला, तर अवजार विहिरीतल्या मोटेच्या बैलासारखे त्याच वाटेवर येरझारा घालत राहते. उपाय दोन. कोठे कोठे जाऊन आलो त्याची खूण ठेवावी; आणि किती खोल जायचे त्याची मर्यादा बांधावी. ईएक्सटी४ मधील अशा झाडाची खोली पाचांहून जास्त असूच शकत नाही; सहावी पायरी दिसली, की ते झाड नव्हे, भ्रम आहे.

चौथा नियम: पाहुण्याने सांगितली तेवढी पंगत मांडू नये. एखादा लहानसा दुवा, जो खरे तर दुसऱ्या फाइलीचा पत्ता तेवढा सांगतो, तो म्हणतो, माझी लांबी चार अब्ज बाइट आहे. बेसावध अवजार संगणकाच्या स्मृतीत तेवढी जागा मागते किंवा, त्याहून वाईट, लहान जागेत मोठा मजकूर ओतू लागते, आणि शेजारच्या स्मृतीवर तो सांडतो. नावाचेही तसेच. फाइली बाहेर काढून ठेवताना नावात तिरकी रेघ किंवा वरच्या फोल्डरात जाण्याची खूण घुसलेली असेल, तर ती फाइल भलत्याच जागी जाऊन बसेल आणि चांगली फाइल पुसेल. म्हणून नाव वाचावे जसे आहे तसे, पण वापरावे धुऊन आणि गाळून.

कोणी म्हणेल, वीज गेल्याने झालेल्या बिघाडासाठी इतका संशय कशाला? पण सगळे बिघाड विजेचे नसतात. कोणी मुद्दाम बिघडवलेली चकती किंवा पेनड्राइव्ह आपल्या हाती देऊ शकतो, अशा हेतूने, की ती तपासणारे अवजारच त्याच्या ताब्यात जावे. ही कल्पित भीती नव्हे. आम्ही ज्या अवजारसंचाचे वर्णन केले, त्यातच २०१५, २०१९ आणि २०२२ ह्या वर्षी असे दोष उघड झाले: मुद्दाम घडवलेल्या नोंदी वाचताना कार्यक्रम आपल्या जागेबाहेर लिही किंवा वाची. ते त्या त्या वेळी दुरुस्त झाले. वीस-पंचवीस वर्षे शहाण्या माणसांनी सांभाळलेल्या अवजाराची ही गोष्ट. मग आपल्या हौशी अवजाराची काय कथा? नोंदीखाली आता बेरजेसारखी एक पडताळणी असते. अपघाताने पालटलेली नोंद ती पकडते. पण जो मुद्दाम नोंद बदलतो, तो खालची बेरीजही नवी मांडतो. बेरीज जुळली म्हणून हिशेब प्रामाणिक ठरत नाही, हे सहकारी चळवळीतल्या माणसांना आम्ही सांगायला नको.

अशा चुका शोधण्याची एक विलक्षण रीत आहे. एक चांगली चकती घ्यायची, तिच्यातील एखादा अंक यंत्राकडून मनास येईल तसा बदलून घ्यायचा, आणि कार्यक्रम पडतो काय ते पाहायचे. असे हजारो, लाखो वेळा. २०१६ साली ओरॅकल कंपनीतील दोन अभियंत्यांनी लिनक्समधील निरनिराळ्या फाइल सिस्टीमवर हा प्रयोग केला. बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम सुमारे पाच सेकंदांत पडली. ईएक्सटी४ सुमारे दोन तास टिकली. ह्यात कोणाची निंदा नाही. विद्यार्थ्याला अवघड गणित घालावे, तसे अवजाराला वाईटांतली वाईट चकती घालावी. आपल्या अवजाराने पूर्वी जी जी चकती वाचताना ठेच खाल्ली, ती ती जपून ठेवावी आणि प्रत्येक नव्या बदलानंतर तीच पुन्हा वाचायला लावावी. आमच्याजवळ त्या शून्याच्या नोंदीची प्रतिकृती अजून आहे.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर आम्ही केवळ संशय शिकवला असे होईल. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर आणि धाराशिव ह्या जिल्ह्यांत कोणी विसरलेले नाही. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर जी घरे उभी राहिली होती, त्यांच्या भिंतीला टेकून कोणी बसले नाही. पण म्हणून लोकांनी त्या घरांकडे पाठही फिरवली नाही. जपून, भिंत न हलवता, आत गेले आणि दाणागोटा, कागदपत्र, देवघरातले देव बाहेर आणले. भिंतीवर भरवसा नाही, तरीही आत काय आहे त्याची किंमत आहे, हीच वृत्ती अवजाराची असावी. पहिली खोटी नोंद दिसताच बंद पडणारे अवजार आणि खोट्या नोंदीवर विश्वास ठेवून कोसळणारे अवजार, दोन्ही सारखीच निरुपयोगी. चांगले अवजार म्हणते: ह्या यादीतील सतरावी नोंद बिघडलेली आहे, तिची लांबी शून्य लिहिली आहे, तिचे कच्चे बाइट हे असे आहेत, हा ब्लॉक सोडून मी पुढच्या ब्लॉकवर जातो. म्हणजे ते थांबत नाही, लपवीत नाही आणि सजवीतही नाही. जे दिसले ते सांगते, आणि जे ताडले ते ताडले म्हणूनच सांगते. डीबगएफएसमध्ये पडताळणीची बेरीज बाजूला ठेवून वाचण्याची सोय आहे, ती ह्याचसाठी. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि शेवटी लिहायचेच ठरले तर? तर सातबाऱ्यावरील कंसाची आठवण ठेवावी. पूर्वी जुने नाव कमी होई, तेव्हा आपल्याकडे त्याला कंस होई आणि फेरफाराचा क्रमांक पडे; ते खरडून काढीत नसत. मागचे वाचता आले पाहिजे. लेखनातली साधी चूक दुरुस्त करायची, तरी १९६६ च्या जमीन महसूल संहितेत त्यासाठी १५५ वे कलम आहे. कोणी आपल्या मनाने पेन चालवीत नाही. डीबगएफएसलाही आता अशी सोय आहे, की लिहिण्यापूर्वी जुना मजकूर एका वेगळ्या फाइलीत ठेवावा, म्हणजे बदल उलटवता येतो. पतसंस्थेच्या चकतीवर होय-होय म्हणताना आम्ही हेच विसरलो होतो. दुरुस्ती झाली होती. मागे जाण्याची वाट राहिली नव्हती.

बंधुभगिनींनो, आपणांपैकी फार थोडे अवजारे लिहितील. पण चकती सर्वांचीच बिघडणार आहे. तेव्हा घरी नेण्यासाठी चार गोष्टी. संगणक उघडेनासा झाला, तर तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका; बंद ठेवा. दुरुस्त करणारा आला, तर त्याला पहिला प्रश्न विचारा, की प्रत केली काय? सर्वांना होय म्हणणारी दुरुस्ती करू देऊ नका. आणि महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या जागी, दुसऱ्या छपराखाली ठेवा. आणि ती उघडते काय, हे वर्षातून एकदा तरी उघडून पाहा.

ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. त्यांचे पैसे त्यांना मिळाले, कारण त्यांच्या सुनेने जुने पासबुक तांदळाच्या डब्यात जपून ठेवले होते. संगणकाच्या चकतीला जे जमले नाही, ते एका डब्याने केले. कोठे तरी एक प्रत शिल्लक होती, आणि कोणी तरी ती वाचायची राहिली होती. अवजार घडवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, की नोंदीमागे माणूस उभा आहे, तर बाकीचे नियम त्याला आपोआप सुचत जातील.